रक्ताचं कूळ

मुरबाडच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष उघडला तो विद्यापीठाच्या पत्रामुळे. कोणाला त्याची गरज वाटली म्हणून नव्हे. दरवर्षी विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी व्हावी, आणि मनात काही सलत असेल तर बोलायला एक माणूस असावं, असं त्या पत्रात होतं. पत्र आलं की खोली शोधावी लागते. खेळाच्या सामानाची खोली सापडली. भाले आणि गोळे कोपऱ्यात सरकवले, एक टेबल आणि खुर्च्या टाकल्या, दारावर पाटी लावली आणि मनस्वीला तिथं बसवलं. कॅरमचा बोर्ड तेवढा तिथंच राहिला, कारण तो टेकवायला दुसरीकडे भिंत नव्हती.

मनस्वी सापगावची. घर भातशेतीचं. ठाण्याला राहून मानसशास्त्रात एम.ए. केलेली, घरातली पहिलीच. रोज शहापूर-मुरबाड एसटीनं यायची. तिच्याआधी त्या खुर्चीत कल्याणच्या एक बाई होत्या. त्या मुलांना "भावना शब्दांत मांडा" म्हणायच्या आणि मुलं भाल्यांकडे बघत बसायची. सहा महिन्यांत बाई कंटाळल्या. मनस्वीला मात्र इथली बोली येत होती, इथली माणसं ठाऊक होती, आणि तिच्याकडे दाखल्यांची पोतडी होती. परीक्षेच्या धास्तीनं झोप उडालेल्या पोराला ती राबातल्या भाताच्या रोपाचं सांगायची. पेरलंय ना, मग मूळ धरलं का म्हणून रोज उपटून बघायचं नसतं. पोरगं हसायचं आणि बरं वाटलं म्हणून जायचं.

पहिले काही महिने त्या खोलीत कोणी फिरकलंच नाही. आत गेला त्याचा स्क्रू ढिला, असं मुलांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मग मनस्वीनं प्रथमोपचाराची पेटी स्वतःकडे मागून घेतली. डोकं दुखतंय, पोटात कळ आलीय, पॅड हवंय, अशी निमित्तं घेऊन मुली येऊ लागल्या आणि जाता जाता दारात थांबून खरं काय ते सांगू लागल्या. मुलींमागून मुलगेही आले. वर्षभरात खोली चालती झाली. दाखला चपखल बसला की समोरच्याचा चेहरा उजळतो आणि सांगणाऱ्याला गोड वाटतं. मनस्वीला ही गोडी जरा जास्तच लागली होती, हे इथंच सांगून टाकलेलं बरं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आरोग्य खात्याची माणसं येऊन मुलांचं रक्त घेऊन गेली. सिकलसेलची तपासणी होती. डोंगरपाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंगात अडकतात, पोराचे सांधे आणि छाती अशी दुखते की ते रात्रंदिवस रडतं, आणि पुष्कळदा हातचं जातं. पण हा आजार व्हायला आई आणि बाप दोघांकडून तो यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस ठणठणीत राहतो. फक्त तो आजार त्याच्या रक्तात मुक्कामाला असतो. अशाला वाहक म्हणतात. कोणाचा काय निकाल आला ते एकेकाला बोलावून, दार लावून सांगायचं काम मनस्वीकडे आलं.

रंजिताला बोलावलं तर तिच्याबरोबर दीपेशही आत आला. "एकेकानं यायचं," मनस्वी म्हणाली.

"आमचं एकच हाय, म्याडम," रंजिता म्हणाली, आणि दोघं शेजारी शेजारी बसली.

रंजिता धसईच्या वरच्या अंगाला असलेल्या पाड्यावरची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. दीपेश तानसाकडचा. मुरबाडच्या वसतिगृहात राहून तोही तेच शिकत होता. दोघांचं जमलं होतं, आणि कधी नव्हे ते घरच्यांनीही मोडता घातला नव्हता. पाड्यावरची माणसं येऊन गेली होती. त्यांच्यात आधी कूळ विचारतात आणि मग पाणी देतात. कूळ वेगळं निघालं, पाणी दिलं गेलं, सोयरीक ठरली. भात झोडून झालं की साखरपुडा आणि परीक्षा झाली की लग्न, असा बेत होता. आता मनस्वीच्या हातात दोघांचे निकाल होते आणि दोन्हींवर एकच शब्द होता.

तिनं कॅरमच्या सोंगट्या टेबलावर मांडल्या. तुझ्याकडे एक पांढरी एक काळी, त्याच्याकडेही एक पांढरी एक काळी. पोराला दोघांकडून एकेक जायची. दोन्ही काळ्या गेल्या तर...

"चारातली एक," रंजिता म्हणाली. "बारावीला होतं हे. वाटाण्याचं."

मनस्वीचा हिरमोड झाला. इतकी तयारी केलेला दाखला पोरीनं मधेच उचलून बाजूला ठेवला. "हो," ती म्हणाली, "पण दर वेळी नव्यानं चारातली एक. एक पोर आजारी झालं म्हणून पुढची तीन चांगली, असं नाही."

दीपेश सोंगट्यांकडे बघत होता. "माझी धाकटी बहीण अशीच गेली," तो म्हणाला. "मांडीवर घेतली तरी रडायची, खाली ठेवली तरी रडायची. आमी तिला भगताकडं फिरवली. आता कळतंय काय होतं ते."

मनस्वीनं सोंगट्या गोळा केल्या. मग तिनं आपलं काम चोख केलं; ते कबूल करायला हवं. लग्न करायचं नाही, हा एक रस्ता. लग्न करायचं आणि मूल दत्तक घ्यायचं, हा एक. लग्न करायचं, आणि दिवस गेले की तिसऱ्या महिन्यात मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पोटातल्या गर्भाची तपासणी करून घ्यायची, हाही एक. कुठला धरायचा ते तुम्ही ठरवा. मला ठरवायचा अधिकार नाही. आपण माहिती द्यायची, निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा, हे तिला शिकवलेलं होतं आणि तिला ते पटलेलंही होतं.

दोघं आठवड्यानं परत आली. ठरवून आली होती. लग्न करणार, तपासणी करणार. तपासणीत वाईट निघालं तर काय करायचं, असं मनस्वीनं विचारलं तेव्हा रंजिता म्हणाली, "ते आमी दोघं बघू." म्हणाली ते बेताच्या आवाजात, पण मनस्वीला कळलं की हा दरवाजा तिच्यासाठी नाही.

"फक्त घरी तुमी सांगा," दीपेश म्हणाला. "तिला तिसऱ्या महिन्यात मुंबईला न्यायचं म्हणजे घरच्यांनी सोडली पायजे. आमी सांगून कोण ऐकतो? म्हणतील, चार बुकं शिकले आन् आमाला अक्कल शिकवतात."

"लगीन नाय मोडायचं हां, म्याडम," रंजिता म्हणाली. "एवढं एक जमवा."

मनस्वीनं जमवते म्हणून सांगितलं. त्या दिवशी एसटीत बसल्या बसल्या ती पाड्यावर काय बोलायचं ते मनाशी जुळवत होती आणि तिला फार बरं वाटत होतं.

रविवारी ती धसईला उतरली. बाजारात तांदळाच्या गोण्या आणि वालाच्या शेंगा यांची गर्दी होती. रंजिता घ्यायला आली होती. जीपनं वर चढून दोघी पाड्यावर पोचल्या. दोन्ही घरची दोन-दोन माणसं बोलवा, असा मनस्वीनं निरोप दिला होता. पण तिथं गोष्ट घरातली असली तरी बसायचं अंगणात, आणि अंगणात बसायचं तर सगळ्यांनी. रंजिताच्या बापाच्या, बुधूच्या, अंगणात अख्खा पाडा जमला होता. तानसाकडून दीपेश त्याच्या काकाला घेऊन आला होता. काकाचं नाव कोंडू. बाप नसलेल्या दीपेशचं सगळं तोच बघायचा. मधे, बाजेवर, पाड्याचा जाणता नवशा बसला होता. लग्नं त्याच्या शब्दानं ठरत आणि त्याच्याच शब्दानं मोडत.

मनस्वीनं सांगायला सुरुवात केली. सूपभर पांढरा तांदूळ आणि मूठभर तांबडा मागून घेतला, दाणे मांडून दाखवले. बायका कौतुकानं बघत होत्या. तिची बोली ऐकून एकीनं दुसरीला "आपल्याच साईडची हाय" म्हटलंही. पण दाणे मांडून झाल्यावर कोंडू म्हणाला, "बाय, आमचा पोरगा भाताची गोण एकटा उचलतो. ह्याला रोग कुठं हाय?"

"ह्याला नाही काका. ह्याच्या पोराला होऊ शकतो."

"ज्याला हाय त्याला नाय, आन् जो जन्मला नाय त्याला हाय?" कोंडूनं विचारलं, आणि अंगण हसलं. हसण्यात वाईट काही नव्हतं. हिशेब खरोखरच तसा ऐकू येत होता.

मग मुंबईच्या तपासणीचा विषय निघाला. बुधू गंभीर झाला. "पोटातलं पोर बघायला बंदी हाय, म्याडम. धसईच्या दवाखान्यात पाटी हाय. पोलीस धरतात." ती बंदी मुलगा का मुलगी ते बघायला आहे, ही तपासणी निराळी, असं मनस्वीनं सांगितलं. बुधूनं मान हलवली, पण पटलं म्हणून नव्हे. रंजिताची आई भिमी पहिल्यांदाच बोलली, "पोटातल्याला सुई? नको गो बाय." तिच्या बाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. नवशा इतका वेळ तंबाखू चोळत होता. ती तोंडात टाकून तो म्हणाला, "देणारा देव, नेणारा देव. लगीन तर होऊ द्या. मंग बघू." झालं, विषय मिटला. कोणीतरी चहा आणायला उठलं, माणसं पाय मोकळे करू लागली.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. दीपेश काकाच्या मागे उभा होता आणि मनस्वीकडे बघत होता. 'मंग बघू' म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. बहिणीच्या वेळीही असंच 'बघू' म्हटलं होतं. मनस्वीलाही ते कळत होतं. लग्न होईल, दिवस जातील, तिसरा महिना येईल आणि रंजिताला कोणी मुंबईला सोडणार नाही. आत्ता ही माणसं उठली तर परत बसणार नाहीत. तिनं घाईघाईनं पोतडीत हात घातला आणि जे हाताला लागलं ते फार चांगलं लागलं.

"नवशाबाबा," ती म्हणाली, "एका कुळात सोयरीक का नाय करत?"

नवशानं तिच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "भाऊबहीण ते."

"एकमेकांना कधी बघितलं नसलं तरी?"

"बघायचं काय त्यात? कूळ एक म्हंजे रगत एक."

"मग तसंच हे," मनस्वी म्हणाली. "ज्यांच्या रक्तात हा आजार हाय, त्यांचं जणू एक कूळच असतं. ते वरून दिसत नाय. नावात नाय, गावात नाय. रक्त तपासल्यावरच दिसतं. त्या कुळातली दोघं एकत्र आली, की पोरांवर येतं."

चहा घेऊन आलेली बाई दारातच थांबली आणि कप तसेच घेऊन आत गेली. हसू विरलं होतं. आता सगळी माणसं ऐकत होती. इतका वेळ हवे होते ते कान मनस्वीला आता मिळाले होते.

"हे मशिनीत दिसतं?" नवशानं विचारलं.

"दिसतं."

"सरकारच्या?"

"हो, सरकारच्या."

"मंग ही दोघं एका कुळाची."

"तसं समजा," मनस्वी म्हणाली. आपलं म्हणणं पोचलं याचा आनंद तिच्या आवाजात होता, तो लपण्यासारखा नव्हता.

"म्याडम," रंजिता मागून हलकेच म्हणाली. मनस्वीनं ते ऐकलं. पण तिला आता पुढचं सांगायचं होतं. म्हणूनच मुंबईला तपासणी करायची, म्हणजे लग्नाला काही अडचण नाही, वगैरे. ती सांगूही लागली. पण कोणाचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. कोंडू उठून बुधूपाशी गेला होता. "बरं झालं," तो म्हणत होता, "पाप घडायच्या आधी कळलं." बुधूनं त्याचा हात धरला. दोघांमध्ये राग नव्हता, उलट एकमेकांबद्दल सुटकेची माया होती. संकट टळल्यावर माणसं धरतात तसा त्यांनी हात धरला होता.

"अहो, ते मी उदाहरण दिलं," मनस्वी म्हणाली. "खरं कूळ नाही ते."

"रगत एक हाय का नाय?" नवशानं विचारलं.

"त्या अर्थानं नाही..."

"हाय का नाय?"

मनस्वी अडखळली. तेवढंच पुरे झालं.

"पण म्याडम तर म्हणाल्या होत्या, लगीन करता येतं," दीपेश म्हणाला.

"म्याडमच म्हणाल्या," कोंडू म्हणाला, आणि पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

सोयरीक ठरल्यावर कूळ एक निघालं, तर काय करायचं याची त्यांच्यात रीत आहे. पूर्वी एक-दोनदा तसं झालेलं होतं. अशा वेळी दिवस मावळू द्यायचा नाही. भिमीनं तांब्या आणला. पोरीनं पोराच्या पायावर पाणी घालायचं, सगळ्यांसमोर त्याला दादा म्हणायचं, आणि पोरानं तिला भाऊ म्हणून चोळीचा खण द्यायचा. खण कोणाकडे नव्हता, तर कोंडूनं खांद्यावरचा कोरा टॉवेल काढून दीपेशच्या हातात दिला. चारातली एक, वाटाणे, हे सगळं जिला पाठ होतं ती रंजिता तांब्या धरून उभी राहिली. तिनं एकदा मनस्वीकडे पाहिलं. मग खाली वाकून तिनं पाणी घातलं. तिनं दादा म्हटलं की नाही ते मनस्वीला ऐकू आलं नाही, पण अंगणातल्या सगळ्यांनी मान डोलावली. दीपेशनं टॉवेल दिला. भिमी रडत होती आणि लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. मग परत चहा आला आणि तो मनस्वीला सगळ्यात आधी दिला गेला.

यानंतर जे झालं त्याला सरकारी कागदात यश म्हणतात. नवशानं ही गोष्ट आसपासच्या पाड्यांवर नेली. आपल्यात आणखी एक कूळ आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, मशिनीत दिसतं, हे तो ज्या अधिकारानं सांगायचा तो अधिकार कुठल्या पत्रकाला नव्हता. सोयरीक बोलायच्या आधी लोक पोरापोरींना घेऊन आरोग्य केंद्रात जाऊ लागले. लग्न झालेल्यांना मात्र सुई लावायची नाही, असं नवशानंच ठरवून दिलं. झालेल्यांचं झालं, त्यांना आता विचारून घरं मोडायची नाहीत. खात्याचे एक साहेब कॉलेजात आले. वर्षानुवर्षं भिंती रंगवून आम्हाला जमलं नाही ते तुमच्या मॅडमनी एका दुपारी केलं, असं ते प्राचार्यांना म्हणाले. प्राचार्यांनी मनस्वीला ठाण्याच्या कार्यशाळेत बोलायला पाठवायचं ठरवलं. विषय होता, स्थानिक भाषेतून समुपदेशन.

मनस्वी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न करत होती. एक आजारी पोर जन्माला यायचं टळलं. कदाचित पुष्कळ टळली. आणि दोघं जाणती आहेत, सज्ञान आहेत, हवं तर करतील लग्न. असं ती म्हणायची आणि तिला रात्री जेवण जायचं नाही. रंजिता वर्गात येत होती, पण खोलीकडे फिरकत नव्हती. दीपेश वसतिगृह सोडून गेला. पडघ्याकडे गोदामात कामाला लागला, असं मुलांकडून कळलं.

शेवटी ती धसईच्या बाजारात नवशाला गाठायला गेली. तो तांदळाच्या गोणीवर बसून चहा पीत होता. तिला बघून त्यानं बाजूची गोण झटकून दिली. ती बसली.

"बाबा, माझी चूक झाली," ती म्हणाली. "ते कूळ नाय. तुमाला समजावं म्हणून मी तसं म्हटलं. त्या दोघांचं लग्न होऊ शकतं."

नवशानं चहा संपवला. "तुमच्याकडं कुळं हायेत का बाय?"

"आहेत."

"तुझ्या कुळात लगीन करशील?"

मनस्वीनं मानेनंच नाही म्हटलं.

"कोणी सांगितलं, कूळबीळ काय नाय, उगा समजायला ठेवलंय, तरी?"

मनस्वी गोणीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळू लागली.

"आता तू म्हणतीस, तवा खोटं बोलले," नवशा म्हणाला. त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "बरं. मी सगळ्यांना जाऊन तसं सांगतो. म्याडम खोटं बोलली. मंग लोक म्हणतील, मशीन बी खोटं. सुईला कोण जाईल? तू सांग. सांगू का तसं?"

बाजूला एक बाई पोराला कडेवर घेऊन वालाच्या शेंगांचा भाव करत होती. पोर गुटगुटीत होतं आणि शेंग चोखत होतं. मनस्वी त्याच्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, "नको."

"मी बी तेच म्हणतो," नवशा म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा मागवला.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपल्याकडे म्हणतात. पण इथं बैल कोणाचा आणि रिकामा कोण, हा प्रश्न होता. म्हण मनस्वीला लागू होती, नुकसान मात्र दुसऱ्यांचं झालं होतं. तिनं मनाशी एक ठरवलं. पाड्याला नाही, पण त्या दोघांना सांगायचं. ती दोघं शिकलेली आहेत. त्यांना माहीत आहे की तो दाखला होता. नोंदणी पद्धतीनं लग्न करा, साक्षीदार मी होते, सही मी करते, माझी नोकरी गेली तरी चालेल. हे बोलायचं ठरवल्यावर तिला जरा धीर आला. ती रंजिताला निरोप पाठवणार, तोच रंजिता स्वतःहून आली.

दुपारची वेळ होती. मैदानावर मुलं कबड्डी खेळत होती. रंजितानं दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसली. डोकं दुखतंय असंही ती म्हणाली नाही. मनस्वीनं जे ठरवलं होतं ते सगळं एका दमात सांगून टाकलं. नोंदणीचं, साक्षीदाराचं, सहीचं.

"आमी गेलो होतो, म्याडम," रंजिता म्हणाली.

"कुठं?"

"लग्नाच्या नोंदणीला, ठाण्याला. दीपेशनं सगळी चौकशी केली होती. कागद जमवले होते. त्याचे गोदामातले दोन दोस्त साक्षीला तयार होते. मी घरी कॉलेजला जाते म्हणून सांगून निघाले."

"मग?"

"ठाण्याच्या एसटी स्टॅण्डला तो आला. खूश होता. त्यानं माझा हात धरला, नेहमी धरतो तसा." रंजितानं आपला उजवा हात डाव्यात घेतला. "आन् मला भावानं धरल्यासारखं वाटलं."

मनस्वीनं तिच्याकडे पाहिलं. पोरगी रडत नव्हती.

"मी त्याला काय नाय बोलले. पण त्याला कळलं. त्याला बी तसंच झालं असेल, नायतर कळलं नसतं. मंग आमी तिथं बसलो. दोस्त म्हणाले, चला, टाइम जातोय. आमी बसूनच राहिलो. मंग तो म्हणाला, जा घरी. मी आले."

"रंजिता, तुला माहीत आहे ना, ते कूळ वगैरे..."

"मला सगळं माहीत हाय. चारातली एक. वाहक. मी परीक्षेत लिहिलंय." ती टेबलाकडे बघून बोलत होती. "पाणी घालताना बी मला माहीत होतं का हे खोटं हाय. मी मनात म्हणत होते, घाल, काय होतंय, आपल्याला खरं माहीत हाय. पण सगळे बघत होते ना, म्याडम. आय रडत होती. ते आत जाऊन बसलं." मग तिनं मान वर केली. "म्हणून आले. तुमी ते घातलंय, तुमीच काढा."

पोतडीत हात घालावा असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं नाही. "कसं काढू?" तिनं विचारलं.

"तवा कसं सांगितलं होतं, तसं सांगा. मोठ्यानं सांगा."

मनस्वी खुर्चीत ताठ बसली. "तो तुझा भाऊ नाही," ती म्हणाली. "तुमचं कूळ एक नाही. मी जे बोलले ते चूक होतं."

रंजिता डोळे मिटून ऐकत होती. "परत सांगा."

"तो तुझा भाऊ नाही. तुमचं कूळ एक नाही. मी चुकले."

बाहेर कोणीतरी बाद झाला आणि मुलांनी कालवा केला. तो शमेपर्यंत दोघी थांबल्या.

"परत," रंजिता म्हणाली.

मनस्वीनं परत सांगितलं. रंजितानं हाताची बोटं हळूहळू मिटली आणि उघडली, त्या हातात दुसऱ्या कोणाचा तरी हात असावा तशी. मग तिनं डोळे उघडले.

"नाय होत, म्याडम," ती म्हणाली.